पानाची पाठ : आमच्या कार्यशाळेची वाटचाल

किडीने उजवा काठ कुरतडलेले पान उमटवलेली मातीची एक हिरवी थाळी बाजारात अजूनही अधूनमधून दिसते. ती आमची आहे का, असे विचारणारे दरवर्षी दोघे-तिघे तरी भेटतात, आणि त्यांना मी कोणा जाणकाराकडे न पाठवता फूटपट्टी लावायला सांगते. पान देठापासून टोकापर्यंत साडेपंधरा सेंटीमीटर भरले, तर थाळी आमची नव्हे. आमच्या थाळीवरचे पान १७.६ सेंटीमीटर आहे, तशा थाळ्या दोनच आहेत आणि त्यांतली एक माझ्या फडताळात आहे. मधले दोन सेंटीमीटर कुठे गेले, याचा हिशेब मला द्यायचाच आहे. पण वाटचाल आरंभापासून सांगण्याची रीत असल्यामुळे आधी ती पाळते.

२२ वर्षांपूर्वी माझा एक सहाध्यायी आणि मी, अशा दोघांनी भागीदारीत ही कार्यशाळा उघडली. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण त्याची फुकट जाहिरात करण्याची माझी इच्छा नाही. चाकावर त्याचा हात माझ्यापेक्षा सरस होता, हे मी तेव्हाही मान्य करीत होते आणि आजही करते. पाच किलोंचा गोळा तो दोन-तीन दमांत मध्यावर आणीत असे, आणि तो भिंत उचलू लागला की पाहणाऱ्याला माती स्वतःच वर येते आहे असे वाटे. माझ्या भांड्यांना मात्र नेहमी किंचित कल येई, म्हणून मी लाटलेल्या मातीकडे वळले. माझी हत्यारे मोजकीच होती : एक जाड लाटणे, जाडी सर्वत्र सारखी यावी म्हणून दोन्ही बाजूंना ठेवायच्या ८ मिलिमीटरच्या पट्ट्या, खाली अंथरायला मांजरपाट, कापायची तार, सुई, दोन स्पंज आणि एक लाकडी रिब, म्हणजे माती गुळगुळीत करायची पट्टी. ही रिब त्याने मोडक्या खुर्चीच्या फळीतून कापून, पॉलिश पेपरने घासून मला दिली होती. तिची एक कड इतकी पातळ आहे की ओल्या मातीवरून फिरवताना ती कणांना आडवे झोपवते, आणि दुसऱ्या कडेला माझ्या अंगठ्याच्या मापाची खाच आहे. विकतच्या रिब मी चार वेळा आणून पाहिल्या आणि चारही मदतनिसांना देऊन टाकल्या. भागीदारी मोडली त्या दिवशी हत्यारांची वाटणी झाली, तेव्हा यादीत ही रिब धरायची राहून गेली होती. मी आठवण करून दिली नाही.

पहिली दोन वर्षे आम्ही जे करीत होतो, त्याला आम्ही निसर्गाची प्रेरणा म्हणत असू. पांढऱ्या ग्लेझवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावर, कोबाल्टने काढलेली निळी फुले, वेली, नेच्याची पाने. सगळे कुंचल्याने आणि सगळे आठवणीतून. माल बरा खपत होता. अशात एके दिवशी वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका कार्यशाळेत आल्या. त्यांचे विद्यार्थी त्यांना बाई म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. बाईंनी आमचा सर्वांत देखणा वाडगा उचलला, पिशवीतून भिंग काढले आणि बराच वेळ पाहून विचारले, "हे कोणतं फूल?" मी म्हटले, "कल्पनेतलं." त्यावर त्या म्हणाल्या, "पाकळ्या पाच आणि पुंकेसर सात. अगं, कल्पनेत तरी नीट बघावं." मग त्यांनी नेच्याची तबकडी उलटसुलट करून पाहिली आणि सांगितले की बीजाणूंचे ठिपके नेच्याच्या पानाच्या पाठीवर असतात, आम्ही ते पोटावर काढले आहेत. काहीही विकत न घेता त्या निघून गेल्या. भागीदार दिवसभर हसत होता. मला रात्री झोप लागली नाही.

आठवड्याने बाई वर्तमानपत्राच्या घडीत पंधरा-वीस पाने घेऊन परत आल्या. "काढू नका, दाबा," त्या म्हणाल्या, "आणि पाठीनं दाबा." आमच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया या एवढ्या वाक्यात आहे. पानाच्या शिरा पाठीकडून उठून आलेल्या असतात. पाठ मातीवर ठेवून लाटणे फिरवले की प्रत्येक शिरेची चर मातीत उमटते, त्या चरीत ग्लेझ साचते आणि जिथे जाड साचते तिथे रंग गडद होतो. पोटाकडून दाबलेले पान म्हणजे नुसता पानाच्या आकाराचा डाग. लाटणे देठाकडून टोकाकडे, मधल्या शिरेच्या दिशेनेच फिरवावे लागते. आडवे फिरवले तर बारीक शिरा एकमेकींवर चढतात. अगदी ताजे पान ताठ असल्याने काठाशी उचलले जाते, म्हणून ते तासभर कोमेजू द्यावे. लाटल्यावर पान लगेच काढू नये, तसेच रात्रभरही ठेवू नये, कारण वाळताना ते स्वतः आकसते आणि काठाची माती उचकटते. माती चामड्यासारखी आवळत आली की सुईने देठ उचलावा आणि पान हलकेच सोलत न्यावे. बरोबर साधले तर शिरांच्या जाळीतली अगदी शेवटची, केसाएवढी घरेसुद्धा दिसतात. पहिले पान असे सुटले, तेव्हा बाईंनी भिंग माझ्या हातात दिले. आपण काढलेल्या आणि पानाने स्वतः काढलेल्या रेषेत काय अंतर असते, ते मी तेव्हा पाहिले.

पुढे बाईंनी आणखी पुष्कळ शिकवले. अनेक वनस्पतींच्या खोडावर लागोपाठच्या दोन पानांमधला कोन सुमारे १३७.५ अंशांचा असतो, हे त्यांच्याकडून कळल्यावर मी एका उंच फुलदाणीवर त्याच कोनाने पाने चढवीत नेली. त्या फुलदाणीवर एकही पान दुसऱ्याच्या बरोबर डोक्यावर आले नाही, आणि कुठल्याही बाजूने पाहिली तरी ती तोंड करून उभी असल्यासारखी वाटते. ती मी विकलेली नाही.

कोबाल्ट सोडल्यावर त्या चरींत भरायचे काय, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आम्हाला राखेत मिळाले. लाकडाच्या भट्टीत उडालेली राख भांड्यांच्या खांद्यांवर बसून वितळते आणि तिची काच होते, हे चीनमधल्या कुंभारांना तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी उमगले होते. राखेतला चुना आणि पोटॅश मातीतल्या सिलिकाला, म्हणजे गारगोटीच्या अंशाला, वितळवतात, एवढेच ते गमक. दोन भाग राख, दोन भाग फेल्डस्पार (भट्टीत वितळणारे एक खनिज) आणि एक भाग माती, हे जगभरच्या कार्यशाळांतले जुने प्रमाण आम्ही धरले आणि पहिल्याच भाजणीत भांड्यांवर मधाच्या रंगाचे ओघळ आले. धूर कोंडून, म्हणजे हवा कमी करून भाजल्यावर लोहाने तोच मध हिरवा केला. तो हिरवा शिरांच्या चरींत गडद आणि पात्यावर फिकट बसला, आणि ज्या झाडाचे पान त्याच झाडाच्या वाळक्या काटक्यांची राख, असा आमचा शिरस्ता त्या भट्टीपासून पडला. राखेच्या बाबतीत दोन गोष्टी सांगून ठेवते. राख धुताना हातमोजे घालावेत, कारण पहिल्या पाण्यात उतरलेला क्षार कातडी खातो. आणि सगळा क्षार धुऊन टाकू नये, नाहीतर ग्लेझ निस्तेज होते. दुसरे असे की एका झाडाची राख दुसऱ्यासारखी नसते, आणि फांदीची राख सालीच्या राखेसारखीही नसते, म्हणून दर वेळी चकतीवर चाचणी घ्यावी. कोरडी भुकटी झाडूने झाडणाऱ्या तरुणांना तर मी कार्यशाळेत उभेच करीत नाही. गारगोटीची धूळ फुप्फुसांतून परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा.

पुढची सहा वर्षे भट्टी दर पंधरवड्याला लागत गेली आणि माल जात राहिला. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

मग एका अतिथिगृहाकडून २४० थाळ्यांची मागणी आली. प्रत्येक थाळीवर वेगळे पान हवे होते आणि मुदत चार महिन्यांची होती. आमच्या भट्टीत एका वेळी ४० थाळ्या बसत, म्हणजे सहा भाजण्या. वेळ पुरेसा होता. भागीदार पहिल्याच दिवशी म्हणाला की आपण प्लॅस्टरचे दहा साचे करू, माती दाबत जाऊ आणि दीड महिन्यात मोकळे होऊ. मी नाही म्हटले. पाहुणा शेजारच्याच्या थाळीकडे पाहून दोन्ही पाने ताडून बघेल, यासाठीच तर ती मागणी आमच्याकडे आली होती. तो गप्प बसला. ते गप्प बसणे मी होकार समजले, ही माझी चूक.

पहिली भाजणी उत्तम निघाली. तेवढ्यात फेल्डस्पारचे पोते संपले आणि नवे आले : तेच नाव, तोच क्रमांक, पोत्याला तीच निळी शिलाई. दुसऱ्या भाजणीत ग्लेझ वाहिले. भट्टी उघडली तेव्हा ४० पैकी २७ थाळ्या शेल्फांना चिकटलेल्या होत्या आणि त्या छिन्नीने सोडवताना सहा शेल्फ फुटले. उष्णता जास्त झाली असावी असा पहिला संशय आला. पण आत ठेवलेले, ठरावीक उष्णतेला वाकणारे मापनाचे शंकू, ज्यांना आम्ही नुसते कोन म्हणतो, नेहमीइतकेच वाकले होते. हे शंकू हर्मान झेगर या जर्मन रसायनज्ञाने १८८६ साली रूढ केले आणि आजही उष्णता मोजणाऱ्या थर्मोकपलच्या तारेपेक्षा माझा त्यांच्यावर अधिक विश्वास आहे, कारण तार किती अंश झाले ते सांगते, पण मातीचे काय झाले ते शंकूच सांगतो. तेव्हा दोष भट्टीचा नव्हता. लेप जाड बसला असेल असे धरून आम्ही ग्लेझ पातळ केले आणि तिसरी भाजणी लावली. ती वाहिली नाही. ४० थाळ्या निर्मळ हिरव्या निघाल्या, आणि त्या रात्री आम्ही दोघांनी कित्येक दिवसांनी एकत्र बसून चहा घेतला.

चौथ्या रात्री मी कार्यशाळेत एकटीच होते. फळीवरून टिंग असा बारीक आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक, मग दुसऱ्या टोकाकडून दोन. हा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना पुढचे सांगावे लागत नाही. ग्लेझ त्याच्याखालच्या मातीपेक्षा अधिक आकसू पाहत असले की ते ताणले जाते आणि कधीतरी, भट्टीतून निघाल्यावर काही दिवसांनीसुद्धा, बारीक तड्यांची जाळी पडून मोकळे होते. दिवा लावून मी एक थाळी तिरपी धरली. शिरांच्या जाळीवर दुसरी, परकी जाळी चढली होती. शोभेच्या भांड्यावर हे चालते, काही जण तर ते मुद्दाम आणतात. पण जेवणाच्या थाळीत त्या तड्यांतून डाग उतरतात आणि त्या आम्ही देऊ शकत नव्हतो. पहाटेपर्यंत मी टिंग-टिंग ऐकत बसले आणि सकाळी चाळिसाव्या थाळीवरही जाळी दिसली.

दोष फेल्डस्पारमध्ये आहे, हे सापडायला तीन आठवडे गेले. जुन्या पोत्यातला मूठभर माल एका बरणीत उरला होता, हे नशीब. त्याची आणि नव्याची सुपारीएवढी टेकडी करून दोन्ही एकाच चकतीवर शेजारी-शेजारी भाजल्या. जुनी टेकडी टेकडीच राहिली. नवी पसरून टिकलीसारखी सपाट झाली. आधीचा माल पोटॅशचा होता आणि नवा सोड्याचा. सोड्याचा फेल्डस्पार लवकर वितळतो, म्हणून वाहणे. आणि थंड होताना सोडा ग्लेझला फार आकसवतो, म्हणून जाळी. पुरवठादाराने खाण बदलली होती आणि पोत्यावरचे नाव बदलण्याची तसदी घेतली नव्हती. मी जाब विचारल्यावर, एवढ्या फरकाची तक्रार आजवर कोणी केली नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पोत्याची टेकडी भाजून पाहिल्याशिवाय आम्ही ते उघडत नाही, आणि ज्यांची कार्यशाळा लहान आहे त्यांनी तर हे करावेच, कारण मोठ्याला एक भाजणी गेल्याचे कळतही नाही.

इलाज समजल्यावर काम सोपे होते : फेल्डस्पार कमी, गारगोटीची पूड आणि थोडी माती जास्त, म्हणजे आकसणेही घटेल आणि वाहणेही थांबेल. ६१ चकत्या भाजून प्रमाण जमले. पण एकसष्टावी चकती निघाली, तोवर भागीदार निघून गेला होता. ग्लेझच्या वहीच्या दोन प्रती होत्या, त्यातली एक त्याने नेली. ती त्याचीच होती. त्याच्या हिश्शाच्या मालात पहिल्या भाजणीतल्या काही थाळ्याही होत्या. महिन्याभराने अतिथिगृहाने कळवले की मुदत टळल्यामुळे मागणी रद्द केली आहे, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याच अतिथिगृहात पानांच्या २४० थाळ्या मांडल्या गेल्या.

त्या थाळ्या मी पाहायला गेले नाही. बाई गेल्या. येताना त्यांनी तिथून एक मागून आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मग पहिल्या भाजणीतली, किडक्या काठाची आमची थाळी त्यांनी फडताळातून काढून तिच्याशेजारी ठेवली. त्या थाळीवरचे पान बाईंनीच आणलेले होते, आणि त्या पानाच्या मी दोन थाळ्या दाबल्या होत्या; त्यातली एक त्याच्या वाट्याला गेली होती. "खिडकीजवळच्या आठही टेबलांवर हाच किडा जेवून गेलाय," बाई म्हणाल्या. मग त्यांनी फूटपट्टी लावली. माती वाळताना आणि भाजताना आकसते. आम्ही दोघांनी मिळून बेतलेली माती एकूण १२ टक्के आकसत असे. झाडावरचे पान २० सेंटीमीटरचे होते, ते आमच्या थाळीवर १७.६ झाले. भाजलेल्या थाळीवरून साचा काढला आणि त्यात तीच माती दाबली, तर ती पुन्हा १२ टक्के आकसते आणि साडेपंधरा उरतात. जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभाराने १७८२ साली मातीच्या आकसण्यावरून भट्टीची उष्णता मोजण्याचे साधन केले होते. बाईंनी त्याच आकसण्यावरून चोरी मोजली. त्याच्या उरलेल्या थाळ्यांवर नऊ पाने होती. तीही आमचीच, असे मी समजते.

वर्षभराने तो एका प्रदर्शनात भेटला आणि मी विषय काढल्यावर म्हणाला, "साचे तर पालिसीनंही काढले होते." बर्नार पालिसी हा सोळाव्या शतकातला फ्रेंच कलाकार; पांढऱ्या ग्लेझच्या शोधात त्याने वर्षानुवर्षे घालवली आणि सरपण संपल्यावर घरातले सामान व जमिनीच्या फळ्यासुद्धा भट्टीत घातल्या, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. त्याच्या ताटांवरचे साप, सरडे, मासे आणि पाने खऱ्यांवरून साचे घेऊन केलेली असत. मी एवढेच म्हटले की पालिसीने साचा सरड्याचा घेतला होता, शेजाऱ्याच्या ताटाचा नव्हे. उत्तर चांगले होते, पण ते मला दोन दिवसांनी सुचले असते तर बरे झाले असते, कारण तेवढ्यावर तो हसला आणि आमचे बोलणे कायमचे संपले. भागीदारी करणाऱ्यांनी नमुने कोणाचे आणि वही कोणाची, हे करारपत्रात पहिल्या पानावर लिहावे. मैत्री आहे म्हणून लिहीत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तर दोनदा लिहावे.

त्या वर्षी कार्यशाळा बंदच व्हायची. दोन मदतनिसांना निरोप दिला आणि भट्टी पाच महिने थंड होती. मला उभे केले ते पुन्हा बाईंनी. त्यांनी आगाऊ पैसे ठेवून १२ थाळ्या मागितल्या : एकाच झाडाच्या, बारा महिन्यांच्या. कोवळे पान इतके मऊ होते की लाटण्याखाली त्याचा लगदा होई. त्यासाठी मी लाटणे सोडून बोटाने आणि स्पंजाने दाबायला शिकले. जून पानांच्या शिरा इतक्या उठलेल्या होत्या की चरीतून माती आरपार जाईल की काय असे वाटे. पानगळीच्या महिन्यात झाड उघडे पडले, तेव्हा मी बाईंना विचारले की आता काय दाबू. त्यांनी डहाळी हातात देऊन देठ गळून पडलेली जागा दाखवली. तिथे ढालीसारखा एक वण असतो आणि त्यात पाण्याच्या नळ्या तुटल्याचे बारीक ठिपके असतात. भिंगातून तो एखाद्या चेहऱ्यासारखा दिसतो. अकरावी थाळी त्या वणांची झाली. आजवर आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी त्याच थाळीला आली आहे, आणि तिची नक्कल अजून कोणी केलेली नाही, कारण दुरून ती रिकामी दिसते.

नंतर चीनमधल्या जिझोउच्या वाडग्यांचा नाद मला लागला. दक्षिण सुंग काळात, म्हणजे ११२७ ते १२७९ या दरम्यान, तिथले कुंभार काळसर लोही ग्लेझवर खरे पान ठेवून भाजत. पान जळून जाई आणि त्याची आकृती फिकट पिवळी होऊन ग्लेझमध्ये राही. माझी पाने भट्टीत गुंडाळली जातात, उडतात किंवा नुसता डाग सोडतात. आजवर नीट साधलेले वाडगे तीन आहेत. मदतनीस त्यांना वाया गेलेले दिवस म्हणतात, पण ते पगार घेणारे आहेत.

मधली वर्षे ठीक गेली. आता बाईंचे डोळे अधू झाले आहेत आणि भिंगाचा त्यांना उपयोग होत नाही. तरी त्या महिन्यातून एकदा येतात आणि फळीवरच्या, नुकत्याच आवळत आलेल्या थाळ्यांवरून अंगठा फिरवीत जातात. गेल्या वेळी त्या एका थाळीशी थांबल्या, अंगठा देठापासून टोकापर्यंत दोनदा नेला आणि म्हणाल्या, "हे पोटानं दाबलंयस." मी दिवा लावून पाहिले. बरोबर होते, घाईत पान उलटे पडले होते आणि शिरांच्या जागी नुसता पुसट डाग होता. ती थाळी मी वेगळी काढली. अर्धवट ओली माती पाण्यात घातली तर नीट विरघळत नाही, म्हणून आठवडाभर तिला पूर्ण वाळू दिले, आणि काल सकाळी बादलीत भिजत टाकली.